धाकटीला लपवायचे दिवस

मला बघायला पाहुणे यायचे ठरले की आमच्या घरी पहिली तयारी पोह्यांची नसे, धाकटीला घराबाहेर काढण्याची असे. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, रंगाने आईवर गेलेली, गोरीपान. मी वडिलांवर गेले. 'सावळी' हा शब्द फक्त आई वापरायची. बाकीचे आडपडदा न ठेवता काळी म्हणायचे. पहिलं स्थळ आलं तेव्हा पाण्याचा तांब्या धाकटीनेच नेऊन ठेवला होता, आणि निरोप आला तो तिच्यासाठी. वडिलांनी तडकाफडकी नकार कळवला, पण आईने धसका घेतला तो घेतलाच. तेव्हापासून पाहुण्यांच्या दिवशी धाकटीची रवानगी खमरियाला, जबलपूरच्या दुसऱ्या टोकाला, मावशीच्या क्वार्टरमध्ये. निघताना ती मला डोळा मारून म्हणायची, "चलो ताई, मी चालली वनवासाला." ती हसायची, मीही हसायचे.

तेव्हा मी इंग्रजीत एम.ए. करत होते. शेवटच्या वर्षाला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, एकोणिसाव्या शतकातल्या कथा होत्या, आणि त्यांतल्या बायकांवर मला वर्गात एक निबंध वाचायचा होता. कापसाचे मळे, ऐसपैस घरं, गोरी मालकीण, स्वयंपाकघरात राबणारी काळी बाई. आणि खूपदा मध्येच कळायचं, की मालकीण आणि ती राबणारी एकाच बापाच्या लेकी आहेत. एकीचं लग्न थाटामाटात लागतं, दुसरी तिच्या झग्याच्या गुंड्या लावते. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. घरच्या बाईचं मुख्य काम हेच, की ठाऊक असलेलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. ते जिला जमतं ती चांगली बायको. मी हे सगळं तावातावाने लिहीत होते. आमच्या प्राध्यापिका एकदा म्हणाल्या, "इतकी कशाला चिडतेस? कुठल्या कुठे घडलेल्या गोष्टी त्या." मी आणखीच चिडले.

त्याच सुमारास नागपूरचं स्थळ आलं. प्रांतांची फेररचना होऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात उरलो, आणि नागपूरकरांच्या लेखी जबलपूरची मराठी मुलगी म्हणजे अर्धी हिंदीवाली. त्यात माझा रंग हा. त्यात शिक्षण जास्त. मामांनी खूप खटपट करून हे जुळवत आणलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवणारा. वडिलांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि माझं झाल्याशिवाय धाकटीचं बघता येत नव्हतं. या वेळीही फिसकटलं तर दोघींचंही अडणार, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण त्या आठवड्यात आमच्याकडे दारंसुद्धा हळू लावली जात होती.

पाहुणे शहरातच त्यांच्या नातेवाइकांकडे उतरले होते आणि चारला येणार होते. धाकटी जेवणं आटोपल्यावर बस पकडणार होती. आईचं जुनं विटकं पातळ नेसून ती मागच्या अंगणात नळापाशी भांडी घासत होती, एवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. "चारपर्यंत काहून थांबायचं म्हटलं, इतकं तर जवळ आहे," असं म्हणत मुलाची आई आत आलीसुद्धा. मागोमाग मुलगा आणि मामा. आमच्या अंगणातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने धाकटीला लांबूनच हाताने खूण केली, तिथेच राहा.

मी घाईघाईने साडी बदलून बैठकीत येऊन बसले. डोळे खाली, कान मागे. नळ बंद झाला का, भांडं वाजलं का, ती खोकली का. मुलाने विचारलं, "सध्या काय लिहिताय?" मी दोन वाक्यांत त्या कथांबद्दल सांगितलं. वाटलं, आता हा विषय बदलणार. तो म्हणाला, "आणि त्या दोघी बहिणींना एकमेकींबद्दल काय वाटतं, ते येतं का कुठे?" निबंधात मी बापाला, नवऱ्याला, मालकिणीला सगळ्यांना धारेवर धरलं होतं. हे मनातच आलं नव्हतं. "फारसं नाही येत," मी म्हणाले. "मग तेच लिहा ना," तो म्हणाला. मला तो आवडला. सरळच सांगते, तिथल्या तिथे आवडला, आणि त्याबरोबर माझी भीती दुप्पट झाली. तोवर गमावण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

पोहे झाले. मुलाची आई उठली आणि "हात धुऊन येते" म्हणत कोणी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून मागे निघाली. तिच्यामागे आई, आईमागे मी. अंगणात धाकटी पाठमोरी बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. बाई थबकल्या.

"ही कोण?"

"कामाची बाई आहे," आई म्हणाली.

आमच्याकडे कामाला बाई कधीच नव्हती. आणि आईला मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. धाकटी मात्र शांतपणे उठली, तांब्या भरला आणि मान खाली घालून बाईंच्या हातावर पाणी घातलं. बाईंनी हात झटकले, वाकून तिच्या पदराआड पाहिलं.

"कामवाली असून बरीच उजळ आहे हो," त्या आईला म्हणाल्या. "ते पोहे उरले असतील तर द्या हिला. उपाशी दिसून राहिली."

"हो हो, देते ना," आई म्हणाली आणि आत वळली.

सगळं जुळून आलेलं मला दिसत होतं. बाई खूश होत्या. तो बाहेर बसला होता. आणखी पाच मिनिटं गप्प राहायचं होतं, बस. घरच्या बाईचं काम तेवढंच तर असतं.

"ती माझी बहीण आहे," मी म्हणाले. "सख्खी."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अच्छा," म्हणाल्या. मग बैठकीत जाऊन मुलाला चल म्हणाल्या. जाताना त्याने वळून नमस्कार केला, वडिलांना.

रिक्षा वळली आणि धाकटी माझ्यावर तुटून पडली.

"काहून बोलली तू? मी करून राहिली होती ना सगळं!"

"उष्टं-उरलेलं देऊन राहिली होती ती बाई तुला!"

"मग खाल्लं असतं! आपल्याच घरचे पोहे होते ना? तुझ्यासाठी केलं असतं मी. तुला पाच मिनिटं तोंड बंद नाही ठेवता आलं?"

ती रडायला लागली. माझा संताप कुठल्या कुठे गेला. माझ्या लेखी तिच्यावर अन्याय होत होता आणि मी तो थांबवला होता. ती माझ्यासाठी काही करते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने नळ सोडला आणि राहिलेली भांडी स्वतः घासायला घेतली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस जीव टांगणीला लागलेला. फाटक वाजलं की आम्ही तिघी एकदम वर बघायचो. रविवारी मामा आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "मोठी हुशार आहे म्हणे, पण फार स्पष्ट आहे. त्यांना धाकटी पसंत आहे."

"आणि मुलाला?" मी विचारलं.

"तो आईच्या शब्दाबाहेर नाही."

वडिलांनी या वेळी लगेच नकार दिला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालत होतो. साडीचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या.

"ताई," ती म्हणाली, "मुलगा कसा आहे ग? मी तर पाहिलाच नाही त्याला."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"चांगला आहे," मी म्हणाले.