सासऱ्यांच्या नावावर तीन पॉइंट्स

"गाडी मी चालवत होतो," नाना म्हणाले आणि माझ्या ऑफिसातल्या खुर्चीत ताठ बसले.

गाडी नाना चालवत नव्हते. हे त्यांना माहीत होतं, मलाही कळलं होतं, आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या त्यांच्या जावयाला, म्हणजे मंदारला, तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

मी इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे वकील आहे. माझ्याकडे येतात ते गाडीवाले: वेग, फोन, तोडलेला सिग्नल. मराठी क्लायंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, लायसन्सवरचे पॉइंट्स काढून मिळतील का?" शर्टावरचा डाग काढून मागावा तसं. ते निघत नाहीत. वेगमर्यादा मोडली की साधारण तीन पॉइंट्स चढतात, आणि तीन वर्षांत बारा झाले की कोर्ट गाडी चालवायला बंदी घालतं, बहुधा सहा महिन्यांची.

मंदारचे नऊ झाले होते. तो हॉस्पिटलांमधली स्कॅनिंग मशिन्स दुरुस्त करतो. आज साउथहॅम्प्टन, उद्या भलतीकडेच, आणि डिकीत कायम अवजारं. गाडी गेली की नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसाही गेला, कारण तो कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर. आणि आता पोलिसांची नोटीस आली होती: ताशी तीस मैलांच्या रस्त्यावर कॅमेऱ्यात छत्तीस. गाडी कोण चालवत होतं ते कळवा.

"त्या दिवशी आम्ही नागपूरहून आलो," नाना म्हणाले. "हीथ्रोवरून घरी येताना मीच म्हटलं, जरा दाबा हो मंदारराव. मग चूक कुणाची?"

"पाय कुणाचा होता?" मी विचारलं.

"ते सोडा. अधिक महिना चालू आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. अनारसे दिले, कपडे दिले. आता त्यांचे हे तीन पॉइंट्स मी घेतो. मला काय, पुढच्या महिन्यात नागपूर. इंग्लंडचे पोलीस काय सीताबर्डीवर येणारेत?"

"बाबा, प्लीज," मंदार पुटपुटला. पण नको असं काही म्हणाला नाही, हे मी टिपून ठेवलं.

अशा वेळी नियमाप्रमाणे मी थेट इशारा द्यायला हवा. देणारच होते. पण नाना इतक्या थाटात बसले होते की मला राहवेना. "ठीक आहे," मी म्हटलं, "मी पोलीस आहे असं समजा. गाडी कोणत्या गिअरमध्ये होती?"

"थर्ड."

मंदारने डोळे मिटले. गाडी इलेक्ट्रिक आहे.

"कॅमेऱ्याच्या आधी मोठा राउंडअबाउट आहे. तिथे काय केलंत?"

"हॉर्न दिला आणि घुसलो," नाना म्हणाले. यावर मात्र माझा पूर्ण विश्वास बसला.

"बरं. मंदार, गाडीच्या इन्शुरन्समध्ये यांचं नाव घातलंयस?"

"नाही. फक्त मी आणि केतकी." केतकी म्हणजे नानांची मुलगी.

"मग ऐका. नाना चालवत होते असं लिहिलंत, तर बिनइन्शुरन्सची गाडी चालवली म्हणून नानांवर केस. आणि चालवू दिली म्हणून मालकावर वेगळी. त्याचे कमीत कमी सहा पॉइंट्स. मंदारचे नऊ आणि सहा पंधरा. तीन वाचवायला गेलात आणि सहा घरी आणलेत."

नानांचा ताठपणा जरा उतरला.

"हे सगळं ते खरं मानतील तर. खोटं निघालं तर दोघांनाही तुरुंग होऊ शकतो. पोलिसांना खोटं नाव कळवणं हा इथे फार गंभीर गुन्हा आहे. ते लिहिणार असाल तर मी तुमची वकील नाही."

मग नाना एकदम हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी यांच्यासाठी काहीच करू शकत नाही?" आता मला त्यांचं खरोखर वाईट वाटलं. माणूस खोटा होता, पण माया खरी होती.

"मंदार, स्पीड अवेअरनेस कोर्स केलायस कधी?"

"नाही. आधीच्या तिन्ही वेळी स्पीड इतका होता की ऑफरच आली नाही. आणि आता नाइन पॉइंट्सवाल्याला कोण देणार?"

"आधीच्या पॉइंट्सचा त्याच्याशी संबंध नाही. गेल्या तीन वर्षांत कोर्स केलेला नसावा आणि वेग थोडाच जास्त असावा, एवढंच बघतात. छत्तीस त्यात बसतं. देणं पोलिसांच्या हातात, पण बहुधा देतात. कोर्स केला की या वेळचे पॉइंट्स चढतच नाहीत. अट एकच. ड्रायव्हर मीच होतो, हे कबूल करायचं."

मंदार माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुझे सासरे थर्ड गिअरमध्ये होते ना. मध्ये कसं थांबवणार?"

मंदारने खरं लिहून पाठवलं. कोर्सची ऑफर आली. त्याने लॅपटॉपसमोर बसून तो निमूटपणे पूर्ण केला. नोकरी राहिली, व्हिसा राहिला, नऊचे नऊच राहिले.

महिनाभराने त्याचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला. "मॅडम, बाबांनी तिकीट पुढे ढकललंय. रोज माझ्या शेजारी बसतात. तीसची पाटी दिसली की मोठ्याने वाचतात. साउथहॅम्प्टनला जाऊन आलो काल. अख्ख्या रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या त्यांनी. यांना काढायचं काही प्रोव्हिजन आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "पॉइंट्ससारखंच आहे ते. काढता येत नाहीत, मुदत संपायची वाट बघायची. तोपर्यंत गाडी हळू चालव."