तेलाचे अंगठे आणि रोजची दोन पानं

तीन वर्षांपूर्वी, नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी दुपारी चार वाजता, वालीवच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांवर गावच्या वाचनालयात अन्याय झाला. रशियातल्या झारच्या काळावरची जाडजूड कादंबरी ते जेवणाच्या सुट्टीत रोज दोनच पानं, चवीने वाचायचे. "बर्फ असा लिहिलाय पोरी, की डब्यातली आमटी गार झालेली कळत नाही!" त्या दिवशी आम्ही दोघं पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला गेलो, तर पानांवरचे तेलाचे अंगठे बघून ग्रंथपाल खेकसले, "पुस्तक आहे की गॅरेजचं फडकं? सभासदत्व रद्द!" शेवटची चाळीस पानं उरली होती. मी भांडायला तोंड उघडलं, तर काकांनीच मला गप्प केलं. "इथे बसून तरी वाचू द्याल?" ग्रंथपालांनी घड्याळाकडे बोट केलं, "पाचला बंद." तासाभरात सगळं उरकता आलं असतं. काकांनी साबणाने हात धुतले, ओठ हलवत दोनच पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उद्या येतो." असे ते पुरती चाळीस पानं संपेपर्यंत आले. आज तीच कादंबरी मी माझ्या कार्डावर घरी आणलीय. पानांना अजून लेथच्या तेलाचा वास येतो, आणि काका अजून सभासद नाहीत. वाचनालयाच्या सभासदांनो, रविवारच्या सभेत हात वर करा आणि काकांचं कार्ड त्यांना परत द्या!