माकणी जाड की बारीक?

महादप्पांची नि माझी ओळख एका कागदामुळे झाली. आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तर माझे मन अजून त्या कागदापाशीच घुटमळते आहे.

दुष्काळाचे साल होते. मी सहकारी सोसायटीत कारकून होतो, नोकरी कच्ची होती. महादप्पा उस्मानाबादेत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत. चाऱ्याचे पत्रक मी लिहिले होते. जाड अक्षरांतल्या गावांना दुसऱ्या दिवशी चारा, बारीक अक्षरांतल्यांना पुढच्या आठवड्यात. जाड करायच्या नावाखाली रेघ ओढायची, अशी पद्धत. यादी रस्त्याच्या क्रमाने होती. शेवटच्या घटकेला चेअरमनसाहेब म्हणाले, "माकणी राहिली की! घाला." रेघ ओढलेल्या दोन नावांमध्ये काकपदाची खूण करून मी माकणी घातली. जाड की बारीक, हे विचारायचेच राहिले.

दुपारी महादप्पा कागद घेऊन स्वतः सोसायटीत आले. कपाळी विभूती, बोटांना शाई.

"ही माकणी जाड का बारीक?"

"दोन्हीकडं जाडच हाय. जाडच असंल."

"असंल नगं, हाय का न्हाय सांगा. शेजाऱ्याच्या अंगात कोट हाय म्हून ह्यालाबी घालू व्हय?"

तेवढ्यात चेअरमनसाहेब बाहेर आले. "काय घोळ केला?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले.

महादप्पाच बोलले, "ह्यांचं काय न्हाय. माझ्या चष्म्याला रेघ दिसंना."

"बारीक. माकणीला पुढल्या खेपेला."

प्रूफ तपासायला मी त्यांच्याबरोबर छापखान्यात गेलो. मालक हसत म्हणाले, "अप्पा, लेक माकणीलाच दिलीया न्हवं? करायचं जाड! कोण इचारणार व्हतं?"

बारीक खिळे वेचता वेचता महादप्पा म्हणाले, "अन् चारा कुणाचा काढू? म्होरल्या गावाचा?"

पुढची खेप चार दिवस उशिरा पोचली. तोवर त्यांच्या लेकीची गाय बसली, ती उठली नाही. हे मला दुसऱ्यांकडून कळले.

एका रेघेचाही अंदाज न करणारे हे गृहस्थ माझ्यासाठी सहज खोटे बोलले, आणि लेकीसाठी मात्र बोलले नाहीत. यातले काय धर्माचे, हे मी तुळजापूरला जाऊन कितीदा देवीला विचारले. कधी वाटते, रेघ चुकून पडली असती तर बरे झाले असते. मग दुसऱ्या गावातली एखादी गाय डोळ्यांपुढे येते आणि पुन्हा काही सुचत नाही.

एवढे मात्र आज सर्वांसमोर, माकणीहून आलेल्या त्यांच्या लेकीसमोरही, सांगतो. अप्पांच्या चष्म्याला काहीही झालेले नव्हते. चूक माझी होती. आई भवानी त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवो, आणि हे ऐकून ते माझ्यावर रागावले, तर तो रागही मला पुष्कळ वर्षे लाभो.