अनंताच्या कुंडीतली राख

जानेवारी १९८६, रविवार. जळगावबाहेर ओळखीच्यांच्या मळ्यात भरताचा बेत. हजर : सासूबाई, हे, धाकटे भावजी, त्यांची बायको मंगला — लग्नाला वर्षही झालं नव्हतं — आणि मी. पुढे जे झालं ते यांतल्या एकालाही मी सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे.

मी व्यवस्थित बाई आहे. कौतुक म्हणून नाही, स्वभाव म्हणून सांगते. किराण्याची यादी, वाळवणाची यादी, कोणाला काय परत करायचं याची यादी — घर माझ्या याद्यांवर चालतं, आणि चांगलं चालतं. त्या दिवशी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली, भरीत ठेचून झालं, सगळे पानावर बसले, आणि मी मात्र गार झालेली राख पोत्यात भरत होते. एवढी मऊ राख वाया घालवायची? गच्चीवरच्या कुंड्यांना याहून चांगलं, फुकटचं खत कोणतं?

"वांगी आम्हाला, राख वहिनींना!" भावजी म्हणाले. "उद्या राखेचंही भरीत वाढाल, भरवसा नाही."

सगळे हसले. मंगला उठून पोत्याचं तोंड धरायला आली.

मंगला रावेरची, केळीच्या बागांत वाढलेली. लग्नानंतर माहेराहून तिने अनंताचं रोप आणलं होतं. ते आमच्या गच्चीवर असं फुललं, की शेजारणी जिना चढून वास घ्यायला येऊ लागल्या. त्याआधी त्या माझी सदाफुली बघायला यायच्या — म्हणजे, बघायच्या. हे लक्षात ठेवा. मी विसरू पाहते, म्हणून सांगून ठेवते.

दर रविवारी मी सगळ्या कुंड्यांना मूठमूठ राख घातली. माझ्या आणि तिच्या, भेदभाव नाही. होळीपर्यंत अनंत पिवळा पडला. त्याच्या शेजारचा मोगराही फिकटला. तुळस, सदाफुली, कोरफड मात्र तशाच टवटवीत. पाणी घालायचं काम मंगलाकडे होतं.

सासूबाई शिरपूरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. गच्चीवर आल्या, कुंडीपाशी वाकल्या, आणि म्हणाल्या, "बठ्ठा पानं पिवळा पडी ग्यात. मंगला, तुना हात झाडले मानत नही."

दुष्टपणाने नाही हो. आज ऊन जास्त आहे म्हणावं, तसं म्हणाल्या. पण घरात असं वाक्य एकदा पडलं की ते उचलतं कोण? आधी ते गच्चीपुरतं होतं; पाणी घालायचं काम तिच्याकडून माझ्याकडे आलं. मग बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजलं, तेव्हा मंगलाला चुलीपासून लांब बसवलं. कैऱ्या आल्या, तिने चिरून दिल्या, पण मसाला कालवायला आणि बरणीला हात लावायला मनाई. जो हात झाडाला मानवत नाही, तो लोणच्याला कसा मानवेल?

माझा यावर विश्वास होता का? मुळीच नव्हता. तिथेच तर सगळी अडचण आहे.

मी पानं नीट बघितली होती. खालची, जुनी पानं पिवळी पडली तर कारण वेगळं असतं. इथे शेंड्याची कोवळी पानं पिवळी होती आणि त्यांच्या शिरा हिरव्या — जाळीसारख्या. अशा वेळी दोष मातीत असतो. मातीत लोह असतं, पण माती चुन्याच्या बाजूला झुकली की मुळांना ते घेता येत नाही. शेतकी मासिकांत याला मातीचा सामू म्हणतात. तो वाढला की अनंतासारखी, किंचित आम्ल माती लागणारी झाडं उपाशी राहतात. भरल्या ताटावर उपाशी. तुम्हाला कधी उपयोगी पडेल म्हणून हे सांगते — आणि मुद्दा थोडा लांबवायचा म्हणूनही.

खात्री करायची तर सोपी रीत आहे. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? मी टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला, पट्ट्या कापल्या. बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं, कारण आमच्या बोअरचं पाणीच मुळात खडूसारखं. एका वाटीत कोरी माती, एकीत अनंताची, एकीत राख. तिन्हींत पाणी घालून निवळू दिलं आणि पट्ट्या बुडवल्या. कोऱ्या मातीतली पट्टी पिवळीच राहिली. अनंताच्या मातीतली लालसर झाली. राखेतली — लालभडक.

झाडाला कोणाचा हात लागला होता, ते मला त्या क्षणी कळलं. खाली स्वयंपाकघरात सासूबाई होत्या, मंगला होती. जिना उतरून एक वाक्य बोलायचं होतं. मी वाट्या धुतल्या.

झाड मात्र मी बरं केलं. राख बंद केली, वरचा थर खरवडून टाकला, पानांचं कुजलेलं खत आणि चिमूट गंधक मातीत मिसळलं. काष्ठौषधीच्या दुकानातून हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणला, पाण्यात अगदी थोडा विरघळवून घातला. त्याचे फरशीवर गंजासारखे डाग पडतात. ते मी लिंबाने घासून काढले, कोणी विचारू नये म्हणून. बोअरचं पाणी सोडून नळाचं घालू लागले. हे सगळं सकाळी, घर उठायच्या आत. नवी पानं हिरवी आली. पुढे कळ्याही आल्या.

आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "दखं? हिना हात लावणं बंद व्हयनं, नि झाड हिरवंगार व्हई गयं."

बघितलंत ना? नुसती गप्प राहिले असते, तर झाड मेलं असतं आणि गोष्टही विसरली गेली असती. मी ते नीट, अचूक बरं केलं — आणि तोच पुरावा ठरला.

अजून एक राहिलं. मंगला एकदा धुणं वाळत घालताना माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. खरंच माझा हात वाईट असेल का हो?"

मी म्हटलं, "असतं एखाद्याचं. थोडे दिवस लांबच राहा."

भीतीने बोलले असं म्हणायला मला आवडलं असतं. तशी भीती नव्हती. राखेची चूक कबूल केली असती तर भावजींनी चार दिवस चिडवलं असतं, एवढंच. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. शेजारणी अनंताचा वास घ्यायला पुन्हा येत होत्या, आणि आता ते झाड माझं होतं.

त्याला दहा वर्षं झाली. भावजींची बदली धुळ्याला झाली, मंगला तिथे सुखात आहे. माझं म्हणाल तर माझंही छान चाललं आहे. गच्ची भरलेली आहे, झोप चांगली लागते. या गोष्टीने मला आतून पोखरलं, असं खोटं सांगणार नाही.

मे महिना आहे, मंगला आणि तिची रूपाली सुटीला आल्या आहेत. आज सकाळी अनंताला सात फुलं होती. रूपाली आठ वर्षांची, पळत गेली आणि कुंडीपाशी थांबली. मंगला दारातूनच म्हणाली, "नको गं, काकूला तोडू दे. आपला हात नाही लावायचा."

आपला, म्हणाली.

पोरीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. कुरकुर नाही, प्रश्न नाही, सवयीने. मी फुलं तोडली, दोघींच्या वेणीत एकेक माळलं.

आज गुरुवार. शनिवारी सकाळी त्यांची एसटी आहे. चिवडा बांधून झाला, कैऱ्या निवडून झाल्या, रूपालीचा फ्रॉक शिवून आला. मंगलाला सांगायचं अजून राहिलं आहे.