आधी वाऱ्यावर

सरोवरातल्या चिझुमुलू बेटावर चर्चच्या माता-संघात वादळाची गोष्ट सांगायची तर ती एस्नातीनंच, हे ठरून गेलेलं होतं. दुसऱ्या इयत्तेपुढे ती शाळेत गेली नाही. वाचायला बसली की अक्षरं उसिपाच्या बारक्या मासळीसारखी बोटांतून निसटायची. पण कानानं ऐकलेलं शुभवर्तमान तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, आणि त्यातून बोध काढण्यात तिचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं. दर गुरुवारी बायका गोरखचिंचेखाली चटया टाकून बसायच्या. एस्नाती डोक्याचा पांढरा रुमाल आवळायची आणि माशातून काटा ओढावा तसा गोष्टीतून बोध ओढून काढायची. हरवलेल्या नाण्याच्या गोष्टीचा बोध असा, की खाटेखालचाही केर काढावा. मार्था आणि मरियेच्या गोष्टीचा बोध असा, की पाहुणा येणार हे माहीत असताना मार्थानं कसावा आदल्या दिवशीच कुटून ठेवायचा होता, म्हणजे तिलाही दोन घटका बसता आलं असतं. बायका हसायच्या, आणि घरी जाऊन खाटेखालचा केर काढायच्या.

वादळाच्या गोष्टीत मात्र ती कुणाला हसू द्यायची नाही. येशू होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलेला, वारा सुटलेला, लाटा आत येताहेत आणि शिष्य बोंब मारताहेत; मग तो उठतो आणि वादळ शमवतो. यातून एस्नाती एकच बोध काढायची: ज्याला भीती वाटते त्याचा विश्वास कच्चा.

हे तिनं म्हणावं आणि बाकीच्यांनी खाली मान घालून ऐकावं, याला कारण होतं. तिचा नवरा बेन्यामिनी एकोणीस वर्षांपूर्वी म्वेऱ्यात गेला. म्वेरा म्हणजे दक्षिणेचा वारा. तो सुटला की तीन-तीन दिवस सरोवर घुसळून काढतो. बेन्यामिनीची होडी लव्हाळ्यात सापडली, रिकामी. एस्नाती लोकांसमोर रडली नाही. विश्वास असावा तर असा, असं सगळे म्हणाले. ती स्तुती तिनं नव्या चितेंजेच्या कापडासारखी कमरेला गुंडाळली आणि पुन्हा कधी सोडली नाही. तेव्हापासून तिनं होडीत पाऊल ठेवलेलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेजारच्या लिकोमा बेटावरच्या मोठ्या चर्चात मेळावा असला की तिचे गुडघे दुखायचे. कपडे धुवायलासुद्धा ती घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे जायची नाही.

तिची मुलगी तिवोंगे वेगळी होती. वारा सुटला की ती मुलाला पाठीशी बांधून किनाऱ्यावर जायची आणि नवऱ्याची, फ्रॅकसनची, होडी दिसेपर्यंत उभी राहायची. कधी मोठ्यानं रडायची. मासळी वाळवणाऱ्या बायका बघायच्या. एस्नातीला ते बघवायचं नाही. एका गुरुवारी बोध सांगता सांगता नाव न घेता ती म्हणाली, "काही जणी किनाऱ्यावर उभ्या राहून शिष्यांसारख्या बोंबलतात. त्यांना प्रभू विचारतो, तुमचा विश्वास कुठे आहे?"

सगळ्या माना तिवोंगेकडे वळल्या. तिनं चटई गुंडाळली आणि निघून गेली. त्यानंतर ती गुरुवारी आली नाही. आईला रोज झाकलेल्या ताटात कसाव्याच्या पिठाची न्सिमा आणि मासा पाठवायची, पण आईजवळ येऊन बसायची नाही.

त्या वर्षी जूनमध्ये लिकोमाहून फादरांचा निरोप आला: मेळाव्यात वादळाच्या गोष्टीवर एस्नातीबाईंनीच बोलायचं. तिनं गुडघ्यांचं सांगून पाहिलं. फादरांनी उलट निरोप धाडला, की बाईंसाठी खुर्ची मांडू. आता बोलायला जागा उरली नाही. त्यातच उतारूंच्या होडीची डोलकाठी मोडलेली. जाणारी होडी एकच होती, फ्रॅकसनची.

सासू-जावयाचा आब म्हणजे आब. एस्नाती वाटेनं येताना दिसली की फ्रॅकसन बाजूला होऊन खाली बसायचा, नजर वळवायचा. समोरासमोर ते कधी बोलत नसत. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे सासूनं शब्द टाकला की जावयानं 'नाही' म्हणायचं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती, फ्रॅकसननं एकदाही म्हटलं नव्हतं.

निघायच्या सकाळी तिवोंगे किनाऱ्यावर आली. पलीकडचे मोझांबिकचे डोंगर इतके जवळ दिसत होते की त्यांच्यावरची झाडं मोजावीत. दक्षिणेला पाण्याची कड काळी पडली होती.

"आई, आज नको. वाऱ्याचं लक्षण आहे. वारा येऊन जाऊ दे, मग जा."

एस्नातीला पहाटेपासून भीती वाटत होती. तीच भीती मुलीच्या तोंडून ऐकल्यावर तिला ती सोसवेना. मासळीच्या रॅकपाशी चार बायका उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "तुझा विश्वास कुठे आहे, पोरी?"

तिवोंगेनं नवऱ्याकडे पाहिलं. फ्रॅकसन बराच वेळ दक्षिणेकडे बघत राहिला. मग त्यानं नजर वाळूकडे वळवली आणि होडी ओढायला लागला.

फादरांसाठी एस्नातीनं एक तांबडी कोंबडी घेतली होती. ती टोपलीत पाय बांधून होडीच्या मधोमध ठेवली होती. दोघांनाही बोलायची सोय झाली.

"कोंबडीबाई," फ्रॅकसन मागून सुकाणूपाशी बसून म्हणाला, "मालकिणीला सांग, पुढच्या टोकाला चटई टाकलीय. तिथं पाय पसरता येतात."

"त्याला सांग, चटई मऊ आहे," एस्नाती कोंबडीला म्हणाली.

पहिला तासभर असंच गेलं. एस्नाती चटईवर पाठ ताठ करून बसली होती, आणि तळव्यांखाली लाकूड हलत होतं त्याकडे बघायचं टाळत होती. मनात बोध घोळवत होती. मग शीड एकाएकी लुळं पडलं. वारा थांबला. पाणी तेलासारखं झालं. तिला वाटलं, बघा, उगाच भ्यायले. मागे फ्रॅकसननं न बोलता शिडाची दोरी सोडायला घेतली. त्याचे हात इतके भराभर चालले होते, की ते बघून तिनं होडीची कड धरली.

आधी आवाज आला. दुरून कुणी वाळक्या शेंगांचा ढीग ओढत आणावा तसा. दक्षिणेची काळी कड पांढरी झाली आणि चालत आली. पहिली लाट होडीच्या पोटाखालून गेली तेव्हा एस्नातीला चिझुमुलू दिसलं. दुसरी गेली तेव्हा नुसतं पाणी दिसलं, चारी बाजूंनी, तिच्या डोक्याच्याही वर. तिसरी आत आली.

"कोंबडीबाई," फ्रॅकसन ओरडला, "त्यांना सांग, मडकं घ्या आणि पाणी उपसा."

मडकं तिच्या पायाशी गडगडत होतं. एस्नातीनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिनं बोटांना सुटा म्हटलं. बोटं सुटेनात.

"कोंबडे, त्याला सांग," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, "माझे हात सुटत नाहीत."

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. याच पाण्यात कुठंतरी बेन्यामिनी होता. एकोणीस वर्षं तिनं हा विचार उंबऱ्याबाहेर ठेवला होता. आता तो होडीत येऊन शेजारी बसला. त्याचेही हात असेच धरलेले असतील, आणि मग सुटले असतील. तिनं पाठ केलेली एकही ओळ आठवेना. आठवली ती भलतीच, येशूला मोहात पाडणाऱ्या सैतानाची: देवळाच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. त्यालाही शास्त्र पाठ होतं. तोही विश्वासाच्याच गोष्टी करत होता. आणि सकाळी किनाऱ्यावर चार बायकांसमोर ती काय वेगळं बोलली होती?

पुढची लाट आडवी आली आणि टोपली घेऊन गेली. पाय बांधलेली कोंबडी क्षणभर पाण्यावर तांबडी दिसली. मग दिसली नाही.

आता मध्ये कुणी उरलं नव्हतं.

"फ्रॅकसन," एस्नातीनं हाक मारली. सात वर्षांत त्याचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. "सकाळी तुला दिसलं होतं का हे?"

"दिसलं होतं."

"मग?"

"तुम्ही जायचं म्हणालात, सासूबाई. तुम्हाला नाही कसं म्हणू?"

वारा शिव्या देत होता, पण हे तिला अगदी स्पष्ट ऐकू आलं. तो पुढे म्हणाला, "पुढं भार झालाय. टोक बुडतंय. मागं या. माझ्या गुडघ्यांना पाठ लावून बसा आणि तिथून उपसा. लाज नंतर."

सासूनं जावयाला टेकून बसायचं, हे बेटावर लोकांनी ऐकलं असतं तर सरोवरात बुडालेली बरी असं म्हणाले असते. एस्नाती रांगत निघाली. हात कसे सुटले ते तिला कळलं नाही. तिनं पाठ त्याच्या गुडघ्यांना लावली, आणि तेव्हा तिला समजलं, की त्याचे गुडघे लटलट कापताहेत.

"भीती वाटते तुला?"

"खूप," तो म्हणाला. सुकाणू त्यानं सोडलं नाही.

तिनं मडकं उचललं. पाणी उपसता उपसता ती ओरडू लागली. आपण बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही, हे शिष्यांचं वाक्य तिला जन्मभर उद्धट वाटत आलं होतं. आता तेच तिनं पुन्हा पुन्हा घसा फाटेपर्यंत म्हटलं. मागून फ्रॅकसनही तेच ओरडायला लागला. वारा थांबला नाही. पण हात चालू राहिले. सूर्य कलायला लागला तेव्हा लाटांनी त्यांना लिकोमाच्या भलत्याच बाजूला खडकांत नेऊन टाकलं. होडीची एक फळी फुटली. एस्नातीचा पांढरा रुमाल गेला होता, आणि तळवे सोलले होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या चर्चात दगडी खांबांच्या मधोमध तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. ती बसली नाही. डोक्याला उसनं फडकं बांधून उभी राहिली. बेटाबेटांवरच्या बायका ताठ बसल्या, कारण हिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एस्नातीनं गोष्ट सांगितली आणि मग म्हणाली, की आजवर मी या गोष्टीतून बोध काढला तो होडीत न बसता काढला. शिष्य भ्यायले होते आणि वल्हं मारत होते, दोन्ही एकाच वेळी. भ्यायले म्हणूनच त्यांनी त्याला हाक मारली.

"आणि प्रभू उठला तेव्हा आधी कुणावर ओरडला?" तिनं विचारलं. "वाऱ्यावर. पाणी निवल्यावर मग शिष्यांशी बोलला. मी उलटं करत आले, बायांनो. वारा मोकळा सोडला आणि माझ्या पोरीवर ओरडले. जावयाला नाही म्हणता येत नव्हतं, तरी त्याला मरणात घातलं, आणि यालाच विश्वास म्हणाले."

मागच्या रांगेत एक तरुण विधवा चितेंजेत तोंड घालून रडत होती, आणि शेजारणीनं तिला गप्प केलं नाही.

नंतर फादर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, की मार्काच्या शुभवर्तमानात तसं आहे खरं, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू आधी शिष्यांना बोलतो आणि मग वाऱ्याला. "मत्तयाचं मत्तय बघेल, फादर," एस्नाती म्हणाली. "मी मार्काच्या बाजूची."

म्वेरा तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी होडीला नवी फळी बसली, पाणी सपाट झालं आणि परत जायची वेळ आली. एस्नाती किनाऱ्यावर उभी राहिली, तर पाय वाळूतून निघेनात. फादरांच्या स्वयंपाकिणीनं दिलेली कोंबडी काखेत होती. "हिला सांगते," ती फ्रॅकसनकडे पाठ करून म्हणाली, "मला फार भीती वाटते." फ्रॅकसन कोंबडीला म्हणाला, की त्यालाही वाटते, पण आज पाण्याचा रंग बरा आहे. मग ती होडीत चढली. वाटभर तिनं डोळे मिटले नाहीत. प्रत्येक लाट तिनं नीट बघितली.

चिझुमुलूच्या किनाऱ्यावर तिवोंगे उभी होती. ओठ फुटलेले, मूल पाठीवर झोपलेलं. तीन दिवस तिला कुणी काही सांगू शकलं नव्हतं. एस्नाती होडी टेकायच्या आधीच उतरली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि चालत आली.

"मी तीन दिवस बोंबलत होते," तिवोंगे म्हणाली. आवाज बसला होता.

"बरं केलंस," एस्नाती म्हणाली. "आम्हीही तेच करत होतो."

तिवोंगेनं आईचे सोललेले तळवे उलटे करून पाहिले. दोघी तशाच पाण्यात उभ्या राहिल्या.

ती कोंबडी एस्नातीनं फ्रॅकसनच्या अंगणात सोडली आणि मुलीला बजावलं, की तुझ्या नवऱ्याला सांग, मला नाही म्हणायचं असेल तेव्हा हिच्याकडे सांगावं. मी ऐकेन. पहिलं 'नाही' ऑगस्टमध्ये आलं. तिला लिकोमाला एका लग्नाला जायचं होतं. फ्रॅकसन कुंपणाआडून बराच वेळ खाकरत राहिला, मग कोंबडीला म्हणाला, "मालकिणीला सांग, आज नाही." त्याच्या कपाळाला घाम आला होता. एस्नातीनं नेसलेली चांगली चितेंजे सोडली आणि कसावा कुटायला बसली. संध्याकाळपर्यंत पाणी पांढरं झालं होतं.

आता तिवोंगे गुरुवारी पुन्हा येते. आणि म्वेरा सुटतो आणि फ्रॅकसन पाण्यावर असतो, तेव्हा किनाऱ्यावर दोघी दिसतात. एस्नाती घोट्यांच्या पलीकडे, गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभी असते. तिचे हात कापत असतात आणि ती ते लपवत नाही. मासळी वाळवणाऱ्या बायका बघतात. एस्नाती मूठ उगारते आणि दक्षिणेकडे तोंड करून प्रभूनं म्हटलं तेच वाऱ्याला ओरडून सांगते, गप्प बस, गप्प राहा. वारा ऐकत नाही. तिवोंगेही आईबरोबर ओरडते, होडी दिसेपर्यंत.