पोकळ झालेले ठिपके

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, सकाळ. हजर: मी, हे, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याहून आमची मुलगी. जागा: राजारामपुरीतल्या घरातलं जेवणाचं टेबल, कारण पुढच्या खोलीतल्या ऑफिसच्या टेबलावर वर्षभरात औषधं, रिपोर्टच्या फायली आणि हाताच्या व्यायामाचे रबरी चेंडू येऊन बसले आहेत. काम: डीबगर थांबत का नाही ते शोधणे.

आमचा धंदा दोघांचा. हे प्रोग्राम लिहितात आणि बाकीचं मी बघते. बाकीचं म्हणजे फोन, बिलं, करारांच्या तारखा, कुणाकडे कधी जायचं आणि जाताना काय न्यायचं. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांसाठी ह्यांनी एक प्रोग्राम केलेला आहे. कोणत्या मागावर कोणत्या पाळीत किती मीटर कापड निघालं ते त्यात भरायचं, महिनाअखेरीला एकूण रिपोर्ट निघतो. कागलच्या एमआयडीसीतले दोन कारखानेही आमच्याकडे होते, ते गेल्या वर्षात सुटले. मला स्वतःला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नाही. पण इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसल्यावर कशाला काय म्हणतात एवढं कळतं.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघायची सोय. ज्या ओळीवर थांबायचं तिच्या डाव्या कडेला टिचकी मारायची, लाल ठिपका उमटतो. प्रोग्राम तिथवर आला की थांबतो, ती ओळ पिवळी होते, मग एकेक पाऊल पुढे न्यायचं. शिवाय सेटिंगमध्ये एक लांबलचक यादी असते: कोणत्या प्रकारची चूक झाली की जागच्या जागी थांबायचं. बाकीचे लोक त्यातल्या दोन-चार चौकटींवर खूण ठेवतात असं मुलगी सांगते. ह्यांच्या यादीत एकही चौकट रिकामी नसायची.

त्याला कारण होतं. कारखान्यातला क्लार्क बारा पाळ्यांचे आकडे भरताना एखाद्या आकड्याला प्रोग्राम बंद पडला तर तो क्लार्क पुन्हा संगणकाला हात लावत नाही, हे ह्यांना सुरुवातीलाच कळलं होतं. म्हणून प्रोग्राममध्ये त्यांनी लिहून ठेवलं होतं की एखादी नोंद वाचता आली नाही तर ती सोडून पुढे जा. आणि मग महिनाअखेरीला रिपोर्ट काढायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाची सगळी माहिती मागवून घरी डीबगरमध्ये एकदा चालवायची. तिकडे जी नोंद गुपचूप सुटली असेल तिच्यावर इकडे प्रोग्राम थांबायचाच. हे फोन उचलायचे, विचारायचे, नोंद दुरुस्त व्हायची, मग रिपोर्ट. दुसरं कुणी असं करतं की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे हीच रीत होती.

नव्या गिऱ्हाइकाला प्रोग्राम देतानाही ह्यांचं एक ठरलेलं असायचं. ते मालकालाच खुर्चीत बसवायचे आणि सांगायचे, आधी चूक करून दाखवा. लोक लाजायचे. मग एकदा सुरू झाले की ऐकायचे नाहीत. एका मालकाने मीटरच्या रकान्यात आपल्या मेव्हण्याचं नाव घातलं होतं. प्रोग्राम थांबला तेव्हा तो म्हणाला, "मेव्हणा कुठंबी घाला, काम थांबतंयच." हे हसून हसून खोकत बसले होते. 

गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस ह्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. वेळेवर पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात हळूहळू वळला. बोलणंही आलं, पण वेगळं आलं. गिऱ्हाइकांशी बोलताना हे पुस्तकातल्यासारखं बोलायचे, घरीसुद्धा. आता पेठ वडगावचं, लहानपणचं बोलणं आलं, हाय आणि न्हाय. सासूबाई असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. मी सगळ्याची नोंद ठेवत होते: काय जमतं, काय जमत नाही. चहा करता येतो. पेपर वाचता येतो. बाजारातून तीन वस्तू आणायच्या तर दोन येतात. कामाचं मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आवडतं ना त्यांना, मग करू द्या.

आवडत होतं. तेवढ्यावर मी वर्ष काढलं. हे रोज सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसायचे, आणि मी आतून पाठ बघायची. पाठीवरून माणूस काम करतोय की नुसता बसलाय ते कळत नाही.

दिवाळीत मुलगी आली होती तेव्हा जुना संगणक वयोमानाने मरण पावला होता, म्हणून तिने नवा लॅपटॉप आणला. तीही याच क्षेत्रात आहे. सगळं सामान त्यावर चढवलं, डीबगर जसा जुन्यावर होता तसाच लावून दिला, यादीतल्या सगळ्या खुणा बाबांच्या समोर एकेक करून दिल्या आणि भाऊबीज आटपून पुण्याला गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका कारखान्याच्या मालकांचा फोन आला. ते आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. मला वहिनी म्हणतात, ह्यांना साहेब.

"वहिनी, माझा एक माग गायब हाय बघा," ते म्हणाले. "शेडमध्ये खडाखडा चालतोय, तुमच्या कागदावर न्हाई. पोलिसात जाऊ का साहेबांकडं येऊ?"

मी हसले, बघून सांगते म्हटलं. ह्यांना सांगितलं. हे दोन दिवस बसले आणि म्हणाले, प्रोग्राम बराबर हाय. मालकांनी पुन्हा फोन केला. हे पुन्हा बसले. प्रोग्राम बराबर हाय, चालवून बघितला, कुठं थांबत न्हाय. मी मुलीला कळवलं की नव्या लॅपटॉपवर डीबगर थांबत नाहीये, शनिवारी वेळ काढ.

तर शनिवार. मी कागद घेऊन बसले, तपासलेलं एकेक खोडायला. मुलीला तिकडून आमचा पडदा दिसत होता. हे माझ्या उजवीकडे, इस्त्रीचा शर्ट घालून. लेकीशी बोलायचं असलं की ते शर्ट घालतात.

ती क्रमाने जात होती. प्रोग्राम तपासणीच्या पद्धतीने बांधला जातोय का? जातोय. कोडचा फोल्डर बरोबर दाखवलाय का? दाखवलाय. पहिल्यांदा जो भाग चालायला हवा तोच चालतोय का? तोच. इचलकरंजीची माहिती योग्य ठिकाणाहून उचलली जातेय का? जातेय. मी खोडत गेले. हे मान हलवत होते. प्रत्येक गोष्टीला "ते बराबर हाय" म्हणत होते, आणि खरोखरच बरोबर होतं.

मग तिने कोड उघडला. डाव्या कडेला ठिपके होते, पण लाल नव्हते. नुसती कडा होती, आत पोकळ.

"हे बंद केलेत कुणीतरी," मुलगी म्हणाली. तिने चुकांची यादी उघडली. वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या.

तिचा संशय माझ्यावर आला. "आई, तू परत फडक्याने कीबोर्ड पुसलास ना? चालू असताना?"

मी पुसते, हे खरं आहे. पण मी म्हटलं, फडक्याने एवढ्या चौकटी एकेक करून रिकाम्या होत असतील तर तुमच्या सगळ्या कंपनीला मी फडकी पुरवते. ती हसली. मग म्हणाली, काहीतरी अपडेट आलं असेल, त्यात सेटिंग उडालं असेल, होतं असं. ती पुन्हा खुणा करायला लागली.

"अपडेट न्हाय," हे म्हणाले. "मीच काढल्या."

मुलीचा हात थांबला असावा, कारण पडद्यावरचा बाण जागीच राहिला.

"का, बाबा?"

 टेबलावरचं प्लॅस्टिक कोपऱ्यात उचकटलंय, ते हे बोटाने दाबत होते. मला वाटलं, शब्द सापडत नसेल. मी दोन-तीन शब्द पुढे केले. त्यांनी हाताने मला गप्प केलं.

"सारखं थांबतंय गं," ते म्हणाले. "पिवळी रेघ येती. पहिलं मला दिसायचं, का थांबलंय. आता नुसती रेघ दिसती. मी बघत बसतोय. मग तुझी आई चहा घेऊन येती. म्हणून काढल्या. आता थांबत न्हाय."

 मुलगी पडद्यावरून उठून गेली. तिची खुर्ची दिसत होती आणि मागे तिच्या घरातलं वाळत घातलेलं कपड्यांचं स्टँड. मी पेनाला टोपण लावलं. एवढ्या चौकटी आहेत त्या. त्यातली एकेक रिकामी करायला उजव्या हाताने ह्यांना किती वेळ लागला असेल हाच विचार माझ्या डोक्यात येत राहिला. मी तेव्हा घरातच असणार. पाठ बघितली असणार. आज बाबा छान कामात आहेत असा निरोपही मुलीला पाठवला असणार.

ती परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती. तिने खुणा पूर्ण केल्या, ठिपके चालू केले आणि प्रोग्राम चालवला. तो लगेच थांबला. ओळ पिवळी झाली. मालकांनी सतरा नंबरच्या मागाशेजारी एक नवा माग बसवला होता आणि क्लार्कने त्याला "१७ अ" असा नंबर दिला होता. प्रोग्रामला मागाच्या नंबरात फक्त आकडा चालतो. "अ" आला की नोंद वाचता येत नव्हती, सोडून पुढे जात होता, आणि तो माग कागदावर येत नव्हता. इतकं सोपं होतं. मलासुद्धा कळलं.

"बाबा, बघा, काय झालंय कळतंय ना?" मुलीने विचारलं. मी मनात म्हटलं, विचारू नकोस.

हे पुढे वाकले. रेघ बघितली. ओठ हलवून "सतरा अ" वाचलंही. मग त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, जिथे नेहमी ठेवायचे तिथेच, आणि ती तशीच राहिली. मुलगी थांबली होती. मीही. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे. तरी माझ्याकडेच बघितलं.

"तू सांग," म्हणाले.

दुरुस्ती मुलीने पुण्याहून केली. मधे तिने एकदा विचारलं, कोडमधलं हे अमुक नाव तुम्ही कशासाठी दिलं होतं? तर हे म्हणाले, आठवत न्हाय, पण दिलंय म्हणजे कायतरी असंल. ती "हो, काहीतरी असणारच" म्हणाली आणि ते नाव तसंच ठेवलं. काम झाल्यावर प्रोग्राम पुन्हा चालवला. कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेला, आणि नवा माग आपल्या जागी आला.

हे उठले, शर्ट काढून खुंटीला लावला. स्वयंपाकघरात मटार ठेवले होते, ते घेऊन सोलायला बसले. तिथून म्हणाले, "त्यास्नी सांगून टाक. दुसरं कुणीतरी बघा म्हणावं. माझ्यानं आता न्हाय होत." मटार सोलताना म्हणाले, म्हणून मी ऐकू शकले. समोर बसून म्हणाले असते तर मला ऐकवलं नसतं.

मुलीशी मी आत जाऊन बोलले, म्हणजे तीच बोलली. ती म्हणाली की चालू आहे तेवढं ती शनिवार-रविवारी सांभाळेल, पण नवं काम घ्यायचं नाही, आणि हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढच्या वेळी नुसता माग गायब होऊन भागणार नाही. तिचं बरोबर होतं. ती माझ्यासारखीच आहे, कठीण गोष्टींचे तुकडे करून क्रमाने लावते. शेवटी मात्र म्हणाली, "आई, तू सांगशील ना? मला नाही जमणार."

मी रिपोर्ट इचलकरंजीला पाठवला. दुपारी मालकांचा फोन आला. खूश होते.

"घावला की वहिनी माग! साहेब ते साहेबच. काय म्हणत्यात आमचे साहेब?"

मी म्हटलं, मटार सोलतायत. ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, गुढीपाडव्याला दुसरी शेड सुरू करतोय, बिनधोट्याचे माग घेतलेत, सगळं नवं. त्याचा प्रोग्रामही नवाच हवा आणि तो साहेबांनीच करायचा. "पोरगा म्हणतोय मोबाइलवरचं तयार मिळतंय, ते घेऊ. मी त्याला सांगितलं, चूक झाली तर तुझा मोबाइल मला फोन करून विचारणार हाय का? आमचे साहेब विचारतात."

ही जागा होती सांगायची. शब्द तयार होते, मी ते कागदावर लिहूनही ठेवले होते, क्रमाने. पण स्वयंपाकघरातून मटार ताटलीत पडल्याचा आवाज येत होता, आणि फोनचा आवाज मोठा होता, आणि "आमचे साहेब विचारतात" हे आतपर्यंत गेलं असणार, कारण तो आवाज थांबला होता.

मी म्हटलं, सोमवारी कळवते.

सोमवार झाला. त्यानंतरचाही एक झाला. करारांची कागदपत्रं मी वेगळी काढली आहेत. मुलीला हवी ती माहिती लिहून पाठवली. दुसऱ्या तीन गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, त्यांनी तब्येतीची चौकशी केली, समजून घेतलं. ऑफिसचं टेबलही आवरलं, औषधांना कपाटात जागा केली. मालकांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. इचलकरंजीला सांगायचं तेवढं राहिलं आहे.