भाचीला रडता येईना

मयतीच्या घरी हेल काढून रडण्यात आमच्या गावात माझा हात धरणारं कोणी नाही. गेलेल्या माणसाचं सगळं मी सुरात सांगते: कोणाच्या लग्नात वाढायला उभा राहिला, कोणती भाजी आवडायची, कोणावर रुसला. बाया थट्टेनं म्हणतात, "तू रडल्याबिगर मेलेला मेल्यावानी वाटत न्हाई." मला त्याचा थोडा तोरा आहेच, खोटं कशाला बोलू.

म्हणून माझी भावजय गेली तेव्हा तिच्याच लेकीनं टिपूस गाळलं नाही, हे मला फार लागलं. ही माझी भाची नांदेडला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. आई तापानं अचानक गेली. निरोप मिळाल्याबरोबर पोरगी निघाली, पण भर उन्हाळा. भावकीतले म्हणाले, जास्त वेळ ठेवू नका. मुलगा नाही, म्हणून माझ्या भावानंच अग्नी दिला. पोरगी कुरुंद्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा इकडे सरण पेटलं होतं. आईचं तोंड तिला दिसलं नाही.

भेटायला येणाऱ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडायच्या. ती नुसती ताठ उभी. बाया गेल्या की कानात इअरफोन घालून गोठ्यात आईच्या शेळ्यांपाशी जाऊन बसायची. सुतकात आमच्याकडे टीव्हीसुद्धा लावत नाहीत, आणि ही गाणी ऐकते! "दगड हाय पोरगी," अशी कुजबुज सुरू झाली. भाऊ मला म्हणाला, "अक्का, तिला एकदा रडव. आतल्या आत कुढून मरंल ती."

मी गोठ्यात गेले ती रागातच. "आईची राख निवली न्हाई अन् गाणे ऐकून राहिलीस?"

तिनं एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. पेटी नाही, ढोलकी नाही. नुसता ठोका, आणि त्यावर एक पोरगा हिंदीत भरभर बोलत होता. मला निम्मं कळलं नाही. मध्येच 'येशू' ऐकलं आणि मी दचकले.

"हे काय गं? चर्चमधी जायलीस का?"

"न्हाई आत्या. माझ्या खोलीतली पोरगी ख्रिश्चन हाय, तिनं ऐकवलं. आता होस्टेलात समद्याच ऐकतो."

"काहून? तुमचा देव हाय का तो?"

"देवाचं ऱ्हाऊ दे. दुसऱ्या रॅपमधी नुसत्या गाड्या अन् पैसा. ह्याच्यातले पोरं खरं बोलतात. नापास झालो, बाप पितो, जीव द्यावा वाटला. मंग देवालाच विचारतात, तू कुठं व्हतास? ह्याची माय मेली तवा हा दूर व्हता. पोचला तर माती झालेली."

मी पुन्हा कान दिला. पोरगा देवाला फैलावर घेत होता, आणि मधूनच आईच्या हातचं काहीतरी आठवत होता. हे तर मी जन्मभर करत आले.

"मला हेल काढता येत न्हाई, आत्या," ती म्हणाली. "बाया गळ्यात पडल्या की आत समदं बंद होतं. हा माझ्या वाटचं रडतो."

"मंग तूच म्हण की तुझ्या आईचं. त्याच्यासारखं."

तिनं पालथ्या घमेल्यावर बोटांनी ठोका धरला आणि पुटपुटू लागली. शेतातली हळद काढायच्या दिवसांत पिवळे झालेले आईचे हात. फोनवर आई आधी शेळ्यांचा आवाज ऐकवायची, मग बोलायची. एका करडाला तिनं लेकीचंच नाव ठेवलं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. ठोका चुकत नव्हता.

"फाट्यावर व्हते, आई. फाट्यावरच व्हते मी. ह्यांनी थांबायचं व्हतं."

तिथं ठोका तुटला. घमेल्यावर डोकं टेकून ती रडली, हेल नाही, शब्द नाही, नुसती हुंदके देत.

मी मागं पाहिलं. भाऊ दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"व्हय, लेकरा," तो म्हणाला. "थांबायला पायजे व्हतं."

तिनं डोकं वर केलं नाही, आणि तोही आत आला नाही. गावात प्रत्येक मयतीला मला शब्द सुचतात. त्या दोघांच्या मध्ये बसून मला एकही सुचला नाही.